मंदाकाकी आणि समोरची काच

जी काच विकण्यापेक्षा फोडून टाकलेली बरी असं एका बाईनं ठरवलं आणि वर्षानुवर्षं ते पाळलं, तीच काच पुढं तिच्याच आवाजात विकली गेली असेल, तर तुम्ही त्याला काय नाव द्याल? मी फसवणूक म्हणते. तिचा पुतण्या विनू धंदा म्हणतो. ज्या मंदाकाकीचा तो आवाज आहे ती काहीच म्हणू शकत नाही, कारण अर्धांगवायूच्या झटक्यात तिची वाचा गेली आहे. ऐकू सगळं येतं तिला. कळतंही सगळं. म्हणून मला आधी ती बोलत होती तेव्हाची काकी सांगायला हवी.

नवी मुंबईत महाप्याला कंप्यूटरवाल्या कंपन्यांच्या काचेच्या उंच इमारती आहेत. त्यांच्या मागच्या अंगाला, जिथं पाहुण्यांना कुणी नेत नाही, तिथं पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे. रांगेतला एक गाळा माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा छापखाना. मार्केटमधल्या माथाडी कामगारांची पत्रकं तिथं छापली जायची आणि मी अक्षरओळख त्याच पत्रकांवर केली. शेजारचा गाळा काकीचा. ती मूळची साताऱ्याकडची, नवऱ्याच्या टॅक्सीमागं मुंबईला आणि मग खाडी ओलांडून इकडं आलेली. ती जुन्या गाड्यांच्या जुन्या काचा विकायची. पद्मिनीच्या दरवाजाची काच, अ‍ॅम्बेसेडरची मागची काच, आणि ती छोटी तिकोनी काच, जी वळवली की वारा थेट छातीवर येतो. अशा गाड्यांच्या नव्या काचा आता सहसा कुणी बनवत नाही. त्यामुळे हौसेनं जुनी गाडी उभी करणाऱ्यांना मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीची काच शोधावी लागते. काकी तळोज्याच्या भंगारवाल्यांकडे स्वतः जायची, काच स्वतःच्या हातानं रबरातून सोडवायची आणि टेम्पोत तिच्याशेजारी उभी राहून यायची.

काच कायम उभी न्यायची हा तिचा नियम. कुणी पोरगा घाईत आडवी ठेवायला लागला की ती लांबूनच ओरडायची, “आरं झोपवू नको तिला. झोपवली की मेली.” पाचवारी साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, पण हातमोजे कधी नाहीत. हातमोज्यातून काच कळत नाही म्हणायची. तिच्या तळव्यांवर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. कुणी त्याबद्दल हळहळलं तर हात पदराखाली घ्यायची आणि चहा सांगायची.

ऑनलाइन विकायची कल्पना विनूची. तो तिच्या धाकट्या दिराचा मुलगा, तिच्याकडेच वाढलेला. त्यानं पान उघडलं, फोटो टाकले, पण काचेच्या फोटोत दिसतं काय? मागची भिंत. मग तो व्हिडिओ काढायला लागला. पहिल्या दिवशी तो मोबाइल धरून तिला सारखा सांगत होता, काकी, जरा हस की. काकी काचेमागून म्हणाली, “काच इकायचीय का दात?” ते तसंच रेकॉर्ड झालं, त्यानं तसंच टाकलं, आणि लोकांना ती बाई आवडली.

काचेत लाट आहे की नाही हे दाखवायला ती काचेमागं छापील कागद धरायची. काच सरळ असेल तर ओळी सरळ दिसतात, काच थकलेली असेल तर अक्षरं पोटात घेतल्यासारखी वाकतात. कागद अर्थात आमच्या छापखान्यातून जायचा. एकदा मी मोठ्या उत्साहानं कंत्राटी कामगारांवर लिहिलेलं पत्रक तिला दिलं, वर ठसठशीत मथळा. काकीनं ते काचेमागं धरलं आणि परत केलं. म्हणाली, “बारीक टायपाचं दे. मोठ्या अक्षरात समदंच सरळ दिसतंय.” मला राग आला होता. अण्णा मात्र दिवसभर हसत होते. पुढं माझी पत्रकं तिच्या व्हिडिओंमधून गावोगावी गेली. इंदूरच्या एका माणसानं तिकोनी काच घेताना विचारलंही होतं की त्या कामगारांचं मग काय झालं. नाक्यावर उभं राहून वाटलेल्या पत्रकाबद्दल असं मला कुणी विचारलेलं आठवत नाही.

कागद दाखवून झाला की ती काच वाजवायची. उजव्या हातातल्या चांदीच्या अंगठीनं, कोपऱ्यापासून जरा आत, एकदाच. आणि इथंच तिची सगळ्या जगाशी भांडणं व्हायची.

कारण आपल्याकडे वस्तू वाजवून घेतात. मडकं वाजवतात, तांब्या वाजवतात, नारळसुद्धा कानाशी नेतात. खणखणीत वाजलं की पक्कं, बद्द वाजलं की खोटं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाडीच्या समोरच्या काचेत मात्र हे नेमकं उलटं आहे. समोरची काच दुहेरी हवी: दोन काचा आणि मध्ये पातळ पडदा. ती बद्द वाजते. खडा लागला तर तिला तिथल्या तिथं चांदणीसारखी चीर पडते, बाकी काच पडद्याला धरून राहते आणि चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. एकेरी काच खणखणीत वाजते. तिला जोरात खडा लागला की एका क्षणात सगळी काच तडकून पांढरी होते आणि समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. दरवाजाला एकेरी काच चालते. समोर चालत नाही. जुन्या गाड्यांना समोर तशी काच पुष्कळदा असते, भंगारात येतेही तीच जास्त.

काकी ती विकत नसे. गठ्ठ्यात आली तर बाजूला काढायची, भिंतीकडे तोंड करून उभी करायची आणि अमावस्येची वाट बघायची. अमावस्येला आमच्या रांगेत गाळ्यागाळ्यासमोर नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलते. काकीच्या गाळ्यासमोर काच फुटायची. ती काचेला गोणपाटात गुंडाळायची, हळद-कुंकवाचं बोट लावायची आणि हातोडीचा एक घाव घालायची. गोणपाट आतून एकदम ढिला पडायचा. मग तिनं तो उलटा केला की साखर ओतल्यासारखे दाणे खाली यायचे. विनू चरफडत बघायचा. एवढ्या सुंदर काचा, एक ओरखडा नाही, घेणारे रांगेत उभे. तो म्हणायचा, काकी, लोक नारळ फोडतात तो खातात तरी.

“मग खा की दानं,” काकी म्हणायची.

एकदा पुण्याहून एक निवृत्त गृहस्थ आले. नवरा-बायको दोघं, स्वतः उभी केलेली पद्मिनी घेऊन, गाडीला नव्या नवरीसारखं पुसलेलं. त्यांना समोरची काच हवी होती आणि भिंतीकडे तोंड केलेली एक त्यांनी हेरली. काकीनं ती विकाऊ नाही म्हणून सांगितलं. गृहस्थ समजुतीनं बोलले. गाडी काही रोजची नाही, फक्त रविवारी सकाळी बाहेर काढतो, तीही हळू.

काकीनं विचारलं, “रविवारी खडा उडत न्हाई व्हय?”

गृहस्थ हसले, मग जरा चिडले. म्हणाले की जोखीम माझी आहे, मी लिहून देतो. काकीनं त्यांच्या बायकोकडं बघितलं आणि विचारलं की बाई, तुम्ही पुढं बसता का मागं. त्या म्हणाल्या, पुढं. काकीनं अमावस्येची वाटही बघितली नाही. गोणपाट घेतला, काच गुंडाळली आणि त्या दोघांच्या देखत फोडली. गृहस्थ तडक गाडीत जाऊन बसले. त्यांची बायको मात्र थोडा वेळ दाण्यांकडे बघत उभी राहिली, आणि जाताना काकीच्या हाताला हात लावून गेली. नंतर त्यांनी कुठून तरी दुहेरी काच मिळवली आणि बसवल्यावर फोटो पाठवला. काकीनं तो फोटो मला कितीदा दाखवला असेल.

मला वाटायचं हा सगळा तिचा हट्ट आहे. चांगला, पण हट्ट. एके दुपारी आम्ही दोघी दरवाजाच्या काचा खोक्यात भरत होतो. दोन काचांच्या मध्ये एकेक पत्रक घालायचं माझं काम. अशा वेळी ती कधी नवऱ्याबद्दल बोलत नसे, त्या दिवशी बोलली. टॅक्सीची समोरची काच गेली होती, नवी परवडेना, म्हणून दोघं भंगारात जुनी काच शोधायला गेले होते. दोन मिळाल्या.

“त्येनी इचारलं कंची घ्यायची. मी वाजवून बघितल्या. एक बद्द वाजली, एक खणखणीत. मीच म्हनलं, ही घ्या, खणखणीत हाय.”

पुढं ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्यांच्यापुढं खडी भरलेला डंपर होता. काकी मागच्या सीटवर बसली होती. वरून एक खडा आला, एवढासा. “समोर दूध सांडल्यागत झालं, मुक्ते. काच हुती, पण रस्ताच न्हाई. त्येनी बुक्की मारून फोडायला हात उचलला, तवर...” तिनं पुढच्या काचेसाठी माझ्याकडे पत्रक मागितलं.

त्यानंतर काही दिवसांनी तिनं विनूला एक वेगळा व्हिडिओ काढायला लावला. विकायचा नव्हता तो, लोकांना समजवायचा होता. एका हाताला एकेरी काच, एका हाताला दुहेरी. ती पहिली वाजवते आणि सांगते की ऐका, ही खणखणीत वाजती, कानाला बरी वाटती, पन ही समोर लावू नका, ही मानसं मारती. मग दुसरी वाजवते. ही बद्द वाजती, ही घ्या बिनधास्त, मंदाकाकीनं बघितलीय. व्हिडिओ फार कुणी बघितला नाही. खाली दोन-तीन जणांनी लिहिलं होतं की पहिल्या काचेचा आवाज काय सुरेख आहे, ती कितीला देणार. काकीनं विनूकडून तिथं उत्तर लिहून घेतलं: देणार नाही.

मग झटका आला. सकाळी गाळा उघडताना शटरचं कुलूप हातातच राहिलं आणि ती खाली बसली. अण्णा आणि विनू तिला घेऊन गेले. जीव वाचला, उजवं अंग आणि वाचा गेली. त्या अमावस्येला तिच्या गाळ्यासमोर काही फुटलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या काचा तशाच उभ्या राहिल्या.

विनूबद्दल मला इथं सरळ लिहायचं आहे. तो काकीला सोडून गेला नाही. कोपरखैरण्याच्या एका खोलीत तिला उठवणं, बसवणं, भरवणं, अंग पुसणं, सगळं तो करतो. व्यायाम शिकवायला बाई येते, तिचे पैसे तोच देतो. आणि हे सगळं तो ज्यातून करतो ते पान आजही मंदाकाकीच्या नावानं चालतं, कारण लोक काचेपेक्षा काकीवर विश्वास ठेवतात. दरवाजाच्या, मागच्या, तिकोनी काचा त्यानं जुन्या व्हिडिओंवर विकल्या. त्या संपत आल्या. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं.

मी तो व्हिडिओ छापखान्यात बसून पाहिला. समोरची काच, स्वच्छ, मागं माझंच एक पत्रक, ओळी सरळ. अंगठीचा आवाज, खणखणीत. वर काकीचा आवाज: “ही खणखणीत वाजती. ही घ्या बिनधास्त. मंदाकाकीनं बघितलीय.” ज्या व्हिडिओत तिनं लोकांना सावध केलं होतं त्याची कात्रणं जोडून त्यानं ही जाहिरात केली होती. मधलं ‘मानसं मारती’ तेवढं काढून टाकलं होतं. खाली लोकांनी लाइकचे अंगठे दाखवले होते. कुणीतरी लिहिलं होतं, काकी परत आल्या, बरं वाटलं.

मी तशीच उठून शेजारी गेले. विनू फळ्यांचं खोकं ठोकत होता. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पत्रकातले बरेच शब्द त्यात होते. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला की मी कुठं म्हटलं दुहेरी आहे म्हणून? घेणाऱ्यानं विचारावं. आणि ह्या गाड्या प्रदर्शनात उभ्या असतात, चालवतं कोण? मी म्हटलं, पुण्याची ती बाई पुढं बसते. तेव्हा त्यानं हातोडी खाली ठेवली.

“तू पत्रक काढ, मुक्ता. मी काकीचं डायपर काढतो.”

तो जे करतो ते करायला आमच्या रांगेतलं कुणी पुढं आलं नव्हतं. युनियनचं कुणी आलं नव्हतं. तिच्या व्हिडिओंना अंगठे दाखवणारेही, उघडच, आले नव्हते. जिला आम्ही सगळे ‘आमची मंदाकाकी’ म्हणत होतो, तिला एका तरण्या पोरावर टाकून आम्ही आपापल्या कामाला लागलो, आणि त्या पोरानं तिच्याकडे विकण्यासारखं जे उरलं होतं ते विकलं. म्हणून त्या काचा पार्सलात गेल्या त्याला माफी मिळते असं नाही. काच कुणी कुठल्या अडचणीत विकली हे खड्याला कळत नसतं.

काकीला मी भेटले ती त्यानंतरच्या रविवारी दुपारी. खोलीत पंखा फिरत होता. तिला उशांना टेकवून बसवलं होतं, केस विंचरलेले, कपाळाला टिकली. विनूनंच लावलेली असणार, जरा तिरकी होती. मला बघून तिचा डावा डोळा हसला. मी व्हिडिओचं काही काढायचं नाही असं ठरवूनच गेले होते. इकडचं तिकडचं सांगत होते, अण्णांच्या मशीनचा पट्टा तुटला, तळोज्याचा भंगारवाला विचारत होता.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला काचेची खात्री करून हवी होती. विनू म्हणाला, थांबा, व्हिडिओ पाठवतो, आणि कुठला पाठवायचा हे बघायला त्यानं तो लावला. खोली लहान. आवाज सगळ्या खोलीत घुमला. अंगठी वाजली, आणि काकीचा तो ठणठणीत, साताऱ्याचा आवाज म्हणाला, ही घ्या बिनधास्त.

काकीनं मान वळवली. आधी तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, ओळखीचं कुणीतरी दारात आल्यासारखं. मग तिनं कान दिला. व्हिडिओ संपला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. दुसऱ्यांदा अंगठी वाजली तेव्हा तिला कळलं की कुठली काच वाजतेय. मी तिच्याकडेच बघत होते, मला तो क्षण दिसला. तोंड उघडलं, ओठ एका बाजूला ओढले गेले, घशातून काहीतरी आलं, पण त्याचा शब्द झाला नाही. ती डावा हात पुढं करून विनूच्या हाताकडे सरकू लागली. उशी पडली. तिला पाणी हवंय असं वाटून विनू वाकला, तसा तिनं मोबाइलवर तळवा ठेवला आणि दाबून धरला.

विनू म्हणाला, “काकी, सोड.”

तिनं सोडलं नाही. तिच्या बोटांच्या फटींतून तिचाच आवाज येत राहिला, दबलेला, ही घ्या बिनधास्त. विनू मग तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, हात तसाच तिच्या हाताखाली ठेवून. थोड्या वेळानं त्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या तळव्याखाली सरकवून आवाज बंद केला. गिऱ्हाईक फोन लावत राहिलं. मी उशी उचलून तिच्या पाठीशी लावली आणि निघाले. दारातून वळून बघितलं तेव्हा दोघंही तसेच होते.

व्हिडिओ त्यानं त्याच दिवशी काढून टाकला. उरलेल्या काचा गाळ्यात आहेत, त्यानं मला नेऊन दाखवल्या. पण ज्या गेल्या त्या गेल्या. घेणाऱ्यांना त्यानं निरोप पाठवले, मी पाठवले. एकानं लिहिलं, काच छान बसली आहे, धन्यवाद. बाकीच्यांनी उत्तर दिलेलं नाही. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घासूनपुसून चकचकीत केलेल्या गाडीला ती काच लागलेली आहे, आणि तिच्यामागं कुणीतरी मुलांना घेऊन बसतं आहे, मंदाकाकीनं बघितलीय ह्या विश्वासानं. तिनं ती बघितली होती, हे खरंच आहे. बघून फोडायला ठेवली होती.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. तुमच्याकडे, तुमच्या ओळखीत, तुमच्या सोसायटीच्या आवारात अशी जुनी गाडी असेल आणि तिची समोरची काच वापरलेली घेतली असेल, मग ती काकीच्या नावानं घेतलेली असो की दुसऱ्या कुणाच्या, तर आज गाडी बाहेर काढू नका. काच बसवणाऱ्याला बोलवा, एका कोपऱ्याचं रबर उचलायला लावा आणि काचेची कड बघा. जाडीच्या मधोमध रेघ दिसली तर काच दुहेरी आहे, निश्चिंत राहा. रेघ नसेल तर ती उतरवा. परत पाठवू नका, स्वस्तात दुसऱ्याला देऊ नका. गोणपाटात घट्ट गुंडाळा, डोळे झाका आणि हातोडीचा एक घाव घाला. तो आवाज मोबाइलवर टिपून ह्या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. काकीला ऐकू येतं. मी तिच्या उशाशी बसून तिला तो ऐकवेन.